फरक किती आणि अपेक्षित किती

वायव्य इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यात जुलाब, ताप आणि पोटात मुरडा घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या १,२३१ जणांच्या तपासणीत एकच जिवाणू सापडला होता: कँपिलोबॅक्टर जेजुनी. नागमोडी आकाराचा, कमी प्राणवायूत वाढणारा आणि ४२ अंश सेल्सिअसला, म्हणजे जवळपास कोंबडीच्या अंगाइतक्या तापमानाला, मजेत राहणारा. विकसित देशांत जिवाणूंमुळे होणाऱ्या हगवणीचे हे सर्वांत मोठे कारण. एकट्या अमेरिकेत वर्षाला २० ते ३० लाख लोकांना त्याची बाधा होत असावी, असा त्या काळचा अंदाज होता. पण लँकशायरच्या त्या रुग्णांच्या पोटात तो आला कुठून, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते.

याचे कारण असे, की हा आजार सहसा साथीसारखा येत नाही. लग्नाच्या पंगतीत दोनशे जण आजारी पडले तर आचाऱ्याला विचारता येते, उरलेले अन्न आणि पाण्याची टाकी तपासता येते. कँपिलोबॅक्टरचे रुग्ण सुटेसुटे येतात, आज एक इथे, उद्या एक तिथे. जिवाणू पोटात गेल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत साधारण दोन ते पाच दिवस जातात, आणि मंगळवारी काय खाल्ले होते हे शनिवारी कोणाला नीट आठवते? शिवाय संशय घ्यायचा तरी कोणाकोणावर? कोंबड्या, गाईगुरे, मेंढ्या यांच्या आतड्यांत हा जिवाणू असतो. तसाच तो रानपाखरांत, सशांत आणि ओढ्यानाल्यांच्या पाण्यातही असतो. वर्षभरातला रुग्णसंख्येचा चढउतार पाण्यातून पसरणाऱ्या रोगांसारखा दिसत होता. जिवाणूंच्या वंशवृक्षांचे काही अभ्यास तर सुचवत होते, की माणसांना आजारी पाडणारे प्रकार पाळीव जनावरांतल्या जिवाणूंपेक्षा बाहेरच्या जिवाणूंशीच अधिक मिळतेजुळते आहेत. हा वाद केवळ अभ्यासकांपुरता नव्हता. पैसा आणि मेहनत कुक्कुटपालनावर आणि कत्तलखान्यांवर खर्च करायची की पाण्यावर, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होते.

२००८ साली ‘प्लॉस जेनेटिक्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लेखकांत पहिले नाव डॅनियल विल्सन यांचे होते. सोबत पॉल फर्नहेड आणि पीटर डिगल हे लँकेस्टर विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ आणि काही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. विल्सन पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. जिवाणूंचे जीनोम, माणसाला होणारे संसर्ग आणि संख्याशास्त्र ही तिन्ही क्षेत्रे एकत्र आणणारे काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेली अनेक वर्षे केले आहे. त्यांच्या निबंधांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि जीनोमविषयीच्या बातम्यांत नेमका तोच गळतो. दोन जिवाणूंत इतका इतका फरक सापडला, हे ठीक; पण काहीही विशेष घडले नसते तरी किती सापडला असता?

लँकशायरच्या अभ्यासात जिवाणूंचे संपूर्ण जीनोम वाचलेले नव्हते. त्या काळी ते फार खर्चिक होते. आधार घेतला होता तो १९९८ साली मार्टिन मेडन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीचा. जिवाणूच्या रोजच्या जगण्याला लागणाऱ्या सात जनुकांचे ठरावीक तुकडे वाचायचे, प्रत्येक जनुकाच्या प्रत्येक वेगळ्या रूपाला क्रमांक द्यायचा, आणि त्या सात क्रमांकांची ओळ म्हणजे जिवाणूची ओळख मानायची. कँपिलोबॅक्टरची ही सात जनुके मिळून सुमारे ३,३०० अक्षरे होतात. त्याचा अख्खा जीनोम सुमारे १६ लाख ४० हजार अक्षरांचा असतो. म्हणजे वाचलेला मजकूर हजारात दोन.

रुग्णातली ओळ कोंबडीतल्या ओळीशी जुळली की काम संपले, असे वाटेल. तसे होत नाही. तीच ओळ पुष्कळदा गाईतही सापडते. रुग्णांतल्या कितीतरी ओळी तर कोणत्याच प्राण्याच्या नमुन्यांत नसतात, कारण परगण्यातली प्रत्येक कोंबडी तपासणे शक्य नाही. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट अशी, की हे जिवाणू आपसांत जनुकांच्या तुकड्यांची देवघेव करतात. एका जनुकाचा वंशवृक्ष काढला तर एक नातलग दिसतो, दुसऱ्याचा काढला तर दुसराच. ज्या निबंधांनी रानातल्या जिवाणूंकडे बोट दाखवले होते ते अशा वंशवृक्षांवर विसंबून होते. विल्सन यांना ही अडचण नवी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, २००६ साली, गिल मॅक्व्हीन यांच्याबरोबर त्यांनी मेंदूज्वराच्या जिवाणूच्या एका जनुकावर काम केले होते. जनुकांची देवघेव चालू असतानाही नैसर्गिक निवडीच्या खुणा कशा ओळखायच्या, याची गणिती रीत त्या निबंधात होती.

लँकशायरसाठी त्यांनी देवघेव टाळली नाही, हिशेबातच धरली. प्रत्येक प्राणिजात म्हणजे जिवाणूंचे एक बेट. बेटावर उत्परिवर्तने होतात, बेटावरचे जिवाणू एकमेकांचे तुकडे घेतात, आणि अधूनमधून एका बेटावरचे जिवाणू दुसऱ्यावर जातात. कोंबडीकडून गाईकडे जाण्याचा वेग आणि गाईकडून कोंबडीकडे येण्याचा वेग सारखा असायला हवा असे नाही, म्हणून दोन्ही वेगळे धरले. या सगळ्या गोष्टींचे प्रमाण प्राण्यांतून मिळालेल्या जिवाणूंवरून ठरवले. मग प्रत्येक रुग्णाच्या जिवाणूला विचारले, की यातल्या कोणत्या बेटावर तुझ्यासारखी ओळ तयार होण्याची शक्यता किती? उत्तर ‘कोंबडी’ असे एका शब्दात येत नाही. कोंबडी इतके टक्के, गाय इतके टक्के, पाणी इतके टक्के असे येते. एकेका रुग्णाबाबत त्यात बरीच अनिश्चितता राहते. बाराशे एकतीस रुग्णांची बेरीज केली की चित्र स्पष्ट होते. ९७ टक्के आजार मांसासाठी पाळलेल्या जनावरांकडून आलेला होता, अर्ध्याहून अधिक एकट्या कोंबड्यांकडून आणि सुमारे एक तृतीयांश गुरांकडून. रानपाखरे, ससे, पाणी या सगळ्यांच्या वाट्याला मिळून ३ टक्के.

या हिशेबाची खरी परीक्षा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला झाली. न्यूझीलंडमध्ये कँपिलोबॅक्टरचे प्रमाण जगात सर्वाधिक म्हणावे इतके होते आणि २००६ मध्ये तर नोंदलेल्या रुग्णांची संख्या १५ हजारांच्या पुढे गेली. तिथल्या अभ्यासकांनीही हीच रीत वापरली आणि तिथेही मोठा वाटा कोंबडीकडेच निघाला. कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना जिवाणूंच्या प्रमाणाची कमाल मर्यादा घालण्यात आली. २००८ मध्ये नोंदलेले रुग्ण २००२ ते २००६ च्या सरासरीपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी झाले. पाण्याकडे बघत बसले असते तर हे घडले नसते. ब्रिटनमध्ये २०१४ साली अन्नसुरक्षा विभागाने लोकांना एक साधी विनंती केली: कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, कारण उडालेल्या शिंतोड्यांबरोबर हा जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर आणि हातांवर पसरतो. आपल्याकडे चिकन आणले की पहिले काम ते धुण्याचे असते. स्वयंपाकघरातली ही सवय इथेही तपासून पाहण्यासारखी आहे.

पुढच्या काही वर्षांत जीनोम वाचण्याचा खर्च इतका उतरला, की सात जनुकांवर थांबण्याची गरज उरली नाही. ऑक्सफर्डमध्ये त्याचा एक मोठा उपयोग झाला तो क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या रुग्णालयांना भेडसावणाऱ्या जिवाणूसाठी. प्रतिजैविकांनी आतड्यातले नेहमीचे जिवाणू मेले की याला मोकळे रान मिळते, आणि विशेषतः वृद्धांना जीवघेणे जुलाब लागतात. त्याचे बीजाणू अल्कोहोलने हात चोळून मरत नाहीत. साबण आणि पाणीच लागते. स्टोक मँडव्हिल आणि मेडस्टोन इथल्या रुग्णालयांतल्या साथींनी २००० नंतरच्या दशकात इंग्लंड हादरून गेले होते. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे, वॉर्डातल्या वॉर्डात तो पसरतो, ही समजूत पक्की होती. स्वच्छतेचे सगळे नियम तिच्यावर उभे होते.

सप्टेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात ऑक्सफर्डशायरमध्ये सापडलेल्या १,२५० रुग्णांपैकी १,२२३ जणांच्या जिवाणूंचे जीनोम वाचण्यात आले. डेव्हिड आयर यांचे नाव या निबंधावर पहिले आहे आणि विल्सन त्यात सहलेखक आहेत. तुलना करण्याआधी त्यांनी जे केले ते महत्त्वाचे. १४५ रुग्णांकडे वेगवेगळ्या वेळी घेतलेले नमुने होते. एकाच माणसाच्या आतड्यात हा जिवाणू किती वेगाने बदलतो, हे त्यांनी या जोड्यांवरून मोजले. निष्कर्ष असा निघाला, की १२४ दिवसांच्या आत एकाकडून दुसऱ्याकडे जिवाणू गेला असेल तर दोघांच्या जीनोममध्ये शून्य ते दोन अक्षरांचाच फरक अपेक्षित आहे. ही फूटपट्टी आधी तयार झाली, मग मोजणी.

मोजणीसाठी शेवटच्या तीन वर्षांतले ९५७ नमुने घेतले. त्यांतले ३३३, म्हणजे ३५ टक्के, आधीच्या कोणत्या तरी रुग्णाशी दोन किंवा त्याहून कमी अक्षरांच्या अंतरावर होते. ४२८ नमुने, म्हणजे ४५ टक्के, आधीच्या प्रत्येक रुग्णापासून दहापेक्षा जास्त अक्षरे दूर होते. त्यांचा ज्ञात रुग्णांशी काही संबंधच नव्हता. आणि जे ३३३ जवळचे निघाले, त्यांतल्याही ३६ टक्के लोकांचा त्या आधीच्या रुग्णाशी ना रुग्णालयात संपर्क आला होता, ना बाहेर. म्हणजे वॉर्डातून पसरण्याची जी वाट सगळ्यांनी गृहीत धरली होती, ती थोड्याच रुग्णांपुरती खरी होती. २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा निबंध आला, तेव्हा रुग्णालयांतल्या स्वच्छतेवर काम करणाऱ्यांना तो पचायला जड गेला असणार. पण त्यात आणखी एक बाब होती. या काळात रुग्णांची संख्या कमी होत होती, आणि आधीच्या रुग्णांशी जुळणारे व न जुळणारे असे दोन्ही गट सारख्याच प्रमाणात कमी होत होते. निव्वळ वॉर्डातल्या स्वच्छतेमुळे घट झाली असती तर पहिला गट जास्त आटला असता. मग घट कशामुळे झाली? केट डिंगल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की इंग्लंडमध्ये फ्लुओरोक्विनोलोन गटातल्या प्रतिजैविकांचा वापर कमी केल्यावर त्या औषधांना दाद न देणारे वंश जवळपास नाहीसे झाले आणि २००६ नंतर एकूण रुग्णसंख्या सुमारे ८० टक्क्यांनी उतरली. सिप्रोफ्लॉक्सासिन याच गटातले, आणि चिठ्ठीविना ते सहज विकले जाते अशी दुकाने आपल्याकडे आजही आहेत.

इथपर्यंतचा प्रश्न जिवाणू कुठून आला हा होता. विल्सन यांच्या गटाचे पुढचे काम वेगळ्या प्रश्नाकडे वळले. वर्षानुवर्षे निमूट राहणारा जिवाणू एके दिवशी जीव का घेतो?

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू सुमारे २७ टक्के प्रौढांच्या नाकात असतो आणि त्यांना कळतही नाही. तोच रक्तात शिरला तर मृत्यू ओढवू शकतो. रक्तातल्या संसर्गांपैकी ८० टक्के वेळा रक्तातला जिवाणू आणि नाकातला जिवाणू एकाच प्रकारचे निघतात. ऑक्सफर्डशायरमध्ये नाकातल्या जिवाणूंचा अभ्यास चालू होता आणि सहभागी लोकांचे नमुने ठरावीक काळाने घेतले जात. त्यांतल्या एका व्यक्तीच्या बाबतीत जे घडले ते २०१२ साली बर्नाडेट यंग, विल्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. या व्यक्तीच्या नाकात हा जिवाणू होता, तो मेथिसिलिनला दाद देणारा, म्हणजे औषधांच्या दृष्टीने साधा. अभ्यास चालू असतानाच त्या व्यक्तीला रक्तात संसर्ग झाला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. आधीचे नमुने जपून ठेवलेले होते. त्यामुळे नाकापासून रक्तापर्यंतचा जिवाणूचा प्रवास पहिल्यांदाच अक्षर न अक्षर वाचता आला.

तेरा महिन्यांत नाकातल्या जिवाणूंमध्ये बदल संथपणे, जवळपास एकाच वेगाने साचत गेले. आजारपणाच्या थोडे आधी मात्र बदलांचा एक झुबका दिसला. सुमारे २८ लाख अक्षरांच्या जीनोममध्ये रक्तातला जिवाणू नाकातल्या मूळ जिवाणूपेक्षा फक्त आठ ठिकाणी वेगळा होता. आठ हा आकडा पाहून काहीच झाले नाही असे म्हणता आले असते. पण आठांपैकी चार बदल असे होते, की त्यांनी एकेका प्रथिनाची बांधणी अर्ध्यातच तोडली होती. असे बदल जिवाणूला सहसा परवडत नाहीत, म्हणून ते क्वचित दिसतात. ज्या दोन निरोगी व्यक्तींच्या नाकातले जिवाणू तुलनेसाठी वाचले, त्यांच्यात असा झुबका नव्हता. तुटलेल्यांपैकी एक होते आरएसपी या जनुकाचे प्रथिन. इतर अनेक जनुके केव्हा चालू करायची आणि केव्हा बंद, हे ते ठरवते.

आरएसपी तुटल्यामुळे जिवाणू अधिक विषारी झाला असेल, अशी कोणाचीही पहिली समजूत होईल. २०१६ साली उंदरांवर प्रयोग झाले तेव्हा उलटे निघाले. आरएसपी बिघडलेले जिवाणू पेशींना मारण्यात कमी पडत होते, तरी रक्तात टिकून राहणे आणि गळवे तयार करणे त्यांना उत्तम जमत होते. अधिक विष म्हणजे अधिक घातक, हे समीकरण मोडणारा हा प्रयोग या सगळ्या कामातला सर्वांत विचार करायला लावणारा आहे.

तरीही ती एकच व्यक्ती होती. एका रुग्णात दिसलेला योगायोग हा नियम ठरवता येत नाही. म्हणून पुढच्या निबंधात, २०१७ मध्ये, नाकात जिवाणू असलेले १०५ रुग्ण आणि त्यांच्याकडून मिळालेले १,१६३ जीनोम घेण्यात आले. ७२ टक्के संसर्ग रुग्णाच्या स्वतःच्या नाकातूनच निघाले होते. पण एकेका जनुकाकडे बघून काही हाती लागणार नव्हते, कारण प्रत्येक रुग्णात मोजकेच बदल होते आणि तेही निरनिराळ्या जनुकांत विखुरलेले. गटाने मग जनुकांचे संच केले: आरएसपीच्या हुकमतीखालची जनुके एका संचात, एजीआर या दुसऱ्या नियंत्रकाची दुसऱ्यात, शरीर स्वतः बनवते त्या जिवाणूनाशक प्रथिनांना प्रतिसाद देणारी तिसऱ्यात. या संचांत प्रथिन बदलणारी उत्परिवर्तने अपेक्षेपेक्षा २.८ ते ३.६ पट होती. निरोगी लोकांच्या नाकात असा जास्तीचा भरणा सापडला नाही. दीर्घकाळच्या उत्क्रांतीतही त्याची खूण नव्हती. शरीराच्या आत, अल्प काळात घडणारी ही उत्क्रांती आहे. जिवाणूला तिचा पुढे फायदा होत नाही, कारण रुग्ण मेला किंवा बरा झाला की ती वाट तिथेच संपते.

एखादे जनुक आणि एखादा आजार यांचा संबंध शोधण्याची दुसरी रीत म्हणजे शेकडो आजारी आणि शेकडो निरोगी लोकांतले जिवाणू शेजारी ठेवून कोणता तुकडा कुठे जास्त आढळतो हे पाहणे. माणसांच्या जनुकशास्त्रात ही रीत रुळलेली आहे. जिवाणूंत ती सरळ वापरली की फसते. एखाद्या गावात बहुतेकांचे आडनाव एकच आहे आणि त्याच गावच्या विहिरीत फ्लोराइड आहे, असे समजा. आडनाव आणि डागाळलेले दात यांचा संबंध कागदावर भक्कम दिसेल. जिवाणूंचे वंश अशी गावे असतात. एका पेशीच्या दोन झाल्या की जीनोममधली हजारो वैशिष्ट्ये एकत्रच पुढे जातात, आणि त्यांतले नेमके कोणते कारण आणि कोणते नुसते सोबती, हे सांगता येत नाही. वंशाचा परिणाम वजा करण्याचे उपाय आहेत, पण ते करताना खरे कारणही वजा होऊन जाते. सारा अर्ल, विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली सुचवलेला मार्ग प्रामाणिक आहे. जिथे पुरावा विशिष्ट जागेपर्यंत नेतो तिथे जागेचे नाव घ्या, आणि जिथे नेत नाही तिथे ‘हा अमुक वंशाचा परिणाम आहे, त्यातल्या कोणत्या जनुकाचा ते ठरत नाही’ असे स्पष्ट सांगा. क्षयरोगाच्या जिवाणूसह चार जातींचे ३,१४४ जिवाणू आणि १७ प्रतिजैविके घेऊन त्यांनी हा मार्ग तपासला.

त्याचा सर्वांत ठसठशीत उपयोग झाला कंबोडियात. सिएम रीप इथल्या अंगकोर बालरुग्णालयात पायोमायोसायटिस झालेली मुले येतात. यात मांडीच्या, पाठीच्या स्नायूंत खोलवर पू होतो. हा उष्ण प्रदेशातला आजार आणि त्यामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन, थोडक्यात पीव्हीएल, या विषावर संशय जुना होता. १९३२ साली त्याचे वर्णन झाले. ते पांढऱ्या रक्तपेशींना भोके पाडते. पण त्याचा पायोमायोसायटिसशी संबंध आहे की नाही यावर छोटे छोटे अभ्यास परस्परविरोधी उत्तरे देत होते. बाधित मुलांतले बहुतेक जिवाणू एकाच वंशाचे होते, त्यामुळे दोष विषाचा की वंशाचा हा आडनावाचा पेच इथेही होताच.

यंग, अर्ल, विल्सन आणि सहकाऱ्यांनी १०१ आजारी मुले आणि नाकात जिवाणू असूनही धडधाकट असलेली ४१७ मुले घेतली. प्रत्येक जीनोमचे ३१-३१ अक्षरांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा आजारी मुलांत जास्त आढळतो का ते पाहिले. असे लाखो तुकडे असतात, आणि लाखो वेळा कौल लावला की काही कौल निव्वळ योगायोगानेही बाजूने लागतात, म्हणून पुराव्याची अट फार कडक ठेवावी लागते. पीव्हीएलने ती अट सहज ओलांडली. ते असलेल्या जिवाणूच्या बाबतीत आजाराचे पारडे १३० पटींनी जड होते. कोणत्या मुलाला आजार होईल आणि कोणाला नाही, यातला सुमारे ६४ टक्के फरक जिवाणूच्या जनुकीय भेदांनी समजावून देता येत होता, आणि त्या वाट्यातला जवळपास सगळा भाग पीव्हीएल आणि त्याला लागून असलेल्या मजकुरात होता. पीव्हीएलचे जनुक एका विषाणूबरोबर एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते. म्हणूनच वंश आणि विष यांची ताटातूट करून पाहणे शक्य झाले. २०१९ साली आलेल्या या निबंधाने पायोमायोसायटिसला धनुर्वात आणि घटसर्प यांच्या पंक्तीला बसवले, कारण हे आजार मुळात एकेका विषावर अवलंबून असतात. धनुर्वात आणि घटसर्प यांच्या लसी त्या त्या विषाविरुद्धच तयार झालेल्या आहेत, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाचे मोल कळते.

लाखो चाचण्यांतून एकच कौल कसा काढायचा यावरही विल्सन यांनी त्याच वर्षी स्वतंत्र निबंध लिहिला. शाळेत शिकवतात तो हरात्मक मध्य त्यांनी संभाव्यतांवर लावला. एकमेकांवर अवलंबून असलेल्या चाचण्या एकत्र करताना नेहमीची कडक रीत खरे संबंधही गाळून टाकते. ही रीत ते राखते, असा दावा होता. त्यातल्या गृहीतकांवर इतर संख्याशास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतले. ही चर्चा वाचण्यासारखी आहे, पण गणिताची सवय नसलेल्याने तिच्यात फार खोल जाऊ नये.

मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचा भाग क्षयरोगाचा आहे. जिल्हा रुग्णालयात थुंकीची ‘सीबीनॅट’ चाचणी होते, ती आरपीओबी या जनुकातला ८१ अक्षरांचा एक छोटा पट्टा तपासते. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधाला दाद न देणारी उत्परिवर्तने बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतात, म्हणून दोन तासांत निकाल देता येतो. पण क्षयाच्या जिवाणूचा जीनोम ४४ लाख अक्षरांचा आहे आणि औषधे डझनाहून अधिक. प्रत्येक औषधाला असा सोयीचा पट्टा नाही. त्यासाठी ‘क्रिप्टिक’ नावाचा आंतरराष्ट्रीय गट ऑक्सफर्डमधून उभा राहिला. मुंबईतले हिंदुजा रुग्णालय आणि फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्था त्यात सहभागी होत्या.

या गटाचे रोजचे काम एका ९६ कप्प्यांच्या ताटलीत चालत असे. प्रत्येक औषधासाठी काही कप्पे, आणि त्यांत मात्रा दुप्पट-दुप्पट होत जाणारी. सगळ्या कप्प्यांत रुग्णाचा जिवाणू सोडायचा, दोन आठवडे थांबायचे आणि कोणत्या कप्प्यानंतर तळाशी वाढीचा ठिपका दिसेनासा होतो ते बघायचे. ठिपका आहे की नाही हे ठरवताना अनुभवी डोळ्यांचेही मतभेद होतात. फिलिप फाउलर यांनी म्हणून ताटल्यांची छायाचित्रे इंटरनेटवर ठेवली आणि नऊ हजारांहून अधिक सामान्य माणसांनी ती पाहून आपापली नोंद केली. एकाच चित्रावर अनेकांची मते घेतली, की त्यांतून निघणारा निकाल भरवशाचा ठरतो, हे पुढे तपासून सिद्ध झाले.

औषध चालते की चालत नाही एवढेच नोंदवण्याऐवजी किती मात्रेला जिवाणू थांबला, हे नोंदवण्याचा फायदा २०२२ मध्ये दिसला. अर्ल आणि विल्सन यांचा मोठा वाटा असलेल्या त्या निबंधात १०,२२८ जीनोम आणि १३ औषधे होती. नव्या औषधांच्या बाबतीत मात्रेची नोंद वापरल्यावर, जनुकीय भेदांनी समजावून देता येणारा वाटा २६ ते ३७ टक्क्यांनी वाढला. तेराही औषधांसाठी ज्ञात उत्परिवर्तनांच्या यादीत नसलेली उत्परिवर्तने सापडली; आयसोनियाझिडसारख्या जुन्या औषधासाठीसुद्धा. क्षयाचा जिवाणू जनुकांची देवघेव जवळपास करतच नाही, त्यामुळे आडनावाचा पेच इथे सर्वांत बिकट आहे, आणि अशा प्रत्येक नव्या संबंधाची प्रयोगशाळेत स्वतंत्र खातरजमा करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ३८ हजारांहून अधिक जिवाणूंच्या आधारे औषधरोधी उत्परिवर्तनांची पहिली सूची काढली. क्रिप्टिकची माहिती तिच्यात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा आकडा ५२ हजारांच्या पुढे गेला. सूचीत प्रत्येक उत्परिवर्तनाची श्रेणी दिलेली असते, आणि सर्वाधिक उत्परिवर्तने ‘महत्त्व अनिश्चित’ या श्रेणीत आहेत. बेडाक्विलीन हे बहुऔषधरोधी क्षयावरचे आजचे मुख्य औषध. त्याच्या रोधाशी संबंधित ‘आरव्ही०६७८’ या जनुकात बदल सापडला, तर पुष्कळदा डॉक्टरांना तो बदल औषध निकामी करतो की नाही हे सूचीवरून कळत नाही. अशा रुग्णाचा जिवाणू वाढवून औषधाच्या चढत्या मात्रेत तपासावा लागतो, आणि त्यात आठवडे जातात.